भंगारातले प्यूटर: आधी वेगळे करा, मग वितळवा

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये शेफिल्ड येथे राहते. येथील धर्मादाय दुकानांत आणि गाडीच्या डिकीत माल मांडून भरणाऱ्या रविवारच्या जुन्या बाजारात प्यूटरचे (मुख्यतः कथील असलेल्या मिश्रधातूचे) मग, ताटल्या आणि लहान बरण्या फार स्वस्तात मिळतात. त्या वितळवून लगडी कराव्यात आणि पुढे सवडीने त्यांतून संक्रांतीच्या वाणासाठी हळदीकुंकवाचे लहान करंडे ओतावेत, असा माझा विचार आहे. परसात कॅम्पिंगच्या गॅस शेगडीवर जुने पातेले ठेवून पहिला प्रयत्न केला. धातू सहज वितळला. पण वर करडा, पेजेसारखा दाट थर आला. तो मळी समजून काढत गेले, तर जवळजवळ चौथा हिस्सा माल त्यातच गेला. मफिन भाजण्याच्या ट्रेमध्ये ओतलेल्या लगडींवर सुरकुत्या पडल्या आणि काही लगडी ट्रेला अशा चिकटल्या, की छिन्नीने काढाव्या लागल्या. एका मगाचा कान वितळलेल्या धातूत टाकला तेव्हा तडतड होऊन थेंब बाहेर उडाले; सुदैवाने कोणाला लागले नाही. यजमान म्हणतात, जुन्या प्यूटरमध्ये शिसे असते आणि घरात सात वर्षांची मुलगी आहे, तेव्हा हा उद्योग बंद कर. माझे काय चुकते आहे, आणि हे काम घरी करावे की करू नये?

— एक वाचक, शेफिल्ड

उत्तर

स. न. वि. वि.

हे काम घरी करता येते. मात्र तुम्ही ज्या क्रमाने केले त्या क्रमाने नव्हे. बाकीच्या गोष्टींकडे वळण्यापूर्वी उडालेल्या थेंबांविषयी लिहितो, कारण इतर चुकांत धातू वाया गेला, या एका चुकीत डोळा गेला असता.

प्यूटरच्या मगाचा कान पुष्कळदा पोकळ असतो. कारागीर साच्यात धातू ओततो, साच्याच्या भिंतीलगत त्याची साय धरली की आतला पातळ धातू लगेच उलटा ओतून काढतो आणि पोकळ कान हाती राहतो. त्याने मग हलका होतो आणि धातूही वाचतो. अशा कानाला कोठेतरी बारीक छिद्र असते किंवा जुन्या डाखात फट पडलेली असते, आणि मग धुताना त्यातून आत गेलेले पाणी महिनोन्महिने तेथेच राहते. तो कान वितळलेल्या धातूत बुडाला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाणी वाफ होताना साधारण सतराशेपट जागा मागते आणि ती जागा ते डोक्यावरचा धातू उडवूनच मिळवते. तेव्हा प्रत्येक कान करवतीने आडवा कापून आतून कोरडा आहे याची डोळ्यांनी खात्री करावी. मेणबत्तीच्या घरांच्या बुडाशी वजनासाठी प्लास्टर किंवा डांबरासारखा पदार्थ भरलेला असतो, तो कोरून काढावा. काचेच्या बुडाचे मग येथे फार दिसतात. ती काच आधी फोडून वेगळी करावी. सर्व तुकडे थंड पातेल्यात रचून मगच आच द्यावी. वितळलेल्या धातूत नवा तुकडा टाकायचाच झाला, तर तो आधी पातेल्याच्या कडेवर ठेवून चांगला तापवून घ्यावा. पळी आणि साचा यांनाही हाच नियम लागू आहे, कारण थंडीत बाहेर ठेवलेल्या पळीवर न दिसणारे दव असते. शेफिल्डच्या आभाळाचा भरवसा तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. उघड्या परसात, छप्पर नसलेल्या ठिकाणी हे काम करू नये. दार सताड उघडे ठेवलेले गॅरेज किंवा वरून झाकलेली, बाजूंनी मोकळी पडवी त्यापेक्षा बरी.

आता मूळ मुद्दा. प्यूटर वितळवणे ही या कामातली सर्वांत सोपी पायरी आहे. एक किलो प्यूटर खोलीच्या तापमानापासून ओतण्याच्या तापमानापर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या अडीचपट एक लिटर पाणी उकळण्यास लागते. म्हणूनच हा उद्योग स्वयंपाकघरातला वाटतो आणि म्हणूनच लोक घाई करतात. खरे कौशल्य शेगडी पेटवण्यापूर्वीच्या निवडीत आहे. भांड्यावरचा शिक्का, त्याची घडण आणि त्याचा काळ हीच त्या धातूची ओळख असते. भांडे वितळले की ती ओळख कायमची जाते आणि एकदा मिसळलेले शिसे किंवा जस्त घरच्या कोणत्याही साधनाने पुन्हा बाहेर काढता येत नाही.

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील. निव्वळ कथील मऊ असते, म्हणून त्यात काहीतरी मिसळून ते कठीण करावे लागते, आणि काय मिसळले यावरच सारे अवलंबून आहे. चांगल्या प्रतीच्या मालात थोडे तांबे मिसळीत, तर हलक्या प्रतीच्या मालात स्वस्त शिसे मिसळण्याची चाल शतकानुशतके होती. लंडनच्या प्यूटरकारांच्या संघाला १४७४ मध्ये राजाची सनद मिळाली आणि मिश्रणाच्या प्रतीवर लक्ष ठेवणे हे त्या संघाचे एक मुख्य काम होते. तरीही मद्यालयांतील मापे आणि रोजच्या वापराचे मग यांत शिसे राहिलेच. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७७० च्या सुमारास, तुमच्याच शेफिल्डमध्ये कथील, अँटिमनी (कठीणपणा आणणारा एक ठिसूळ धातू) आणि तांबे यांचे शिसेविरहित मिश्रण बनू लागले. त्याला ब्रिटानिया धातू म्हणतात. त्याचे ठरीव प्रमाण शेकडा ९२ भाग कथील, ६ भाग अँटिमनी आणि २ भाग तांबे असे सांगितले जाते, आणि आजचे प्यूटरही जवळपास तेच आहे. आपल्याकडच्या वर्कशॉपांत जुन्या बेअरिंगांमध्ये जो व्हाइट मेटल ओततात, त्याचे कथीलप्रधान प्रकार याच कुळातले आहेत. ज्याने ते काम केले आहे त्याला प्यूटर परके वाटणार नाही.

तेव्हा गोळा केलेल्या वस्तू एका टेबलावर मांडा आणि भिंगाने त्यांचे बूड पाहा. 'शेफिल्ड' आणि 'इंग्लिश प्यूटर' असा स्वच्छ, यंत्राने मारलेला शिक्का असलेले विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले मग बहुधा शिसेविरहित निघतात. बक्षीस म्हणून दिलेले, क्रिकेट किंवा डार्ट्सच्या क्लबांची नावे कोरलेले मग याच गटातले. 'ईपीबीएम' ही अक्षरे असतील तर ती वस्तू चांदीचा मुलामा दिलेल्या ब्रिटानिया धातूची आहे आणि ती वितळवण्यास योग्य आहे, कारण मुलामा इतका पातळ असतो की मिश्रणात त्याने फरक पडत नाही. 'ईपीएनएस' असेल तर ती खुशाल बाजूला ठेवा. तिच्या आत तांबे, निकेल आणि जस्त यांचा धातू आहे. तो तुमच्या शेगडीवर वितळणार नाही. लोहचुंबकाला चिकटणारी प्रत्येक वस्तू बाद. हातात घेताच पोकळ डब्यासारखी हलकी लागणारी, जाड पण वजनाला फसवी असणारी ताटली ॲल्युमिनियमची असते.

व्हिक्टोरियाच्या काळातील मापांवर मुकुट आणि 'व्हीआर' अशी अक्षरे ठोकलेली असतात. त्यानंतरच्या राजांची 'ईआर' आणि 'जीआर'. असे माप किंवा कारागिराचा हाताने ठोकलेला, झिजलेला शिक्का असलेली जुनी ताटली हाती लागली, तर ती दोन कारणांनी वितळवू नये. पहिले कारण, तिच्यात शिसे असण्याचा संभव मोठा आहे. दुसरे कारण, ती वस्तू म्हणून तिच्या धातूपेक्षा किती तरी अधिक मोलाची असू शकते. जुन्या वस्तूंच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय तिला हात लावू नये, हे माझे मत आग्रहाचे आहे. दोनशे वर्षे टिकलेली ताटली चार करंड्यांसाठी मोडणे मला पटत नाही.

शिक्का नसलेल्या किंवा संशयास्पद वस्तूसाठी दोन चाचण्या घरी करता येतात. पहिली घनतेची, आणि ती मला अधिक आवडते, कारण ती वरवरच्या पृष्ठभागाची नसून साऱ्या धातूची परीक्षा घेते. एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा घ्या. कान कापून, काच काढून मोकळी केलेली वस्तू आधी कोरडी तोला. मग पाण्याने भरलेले भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि ती वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही, अशी धरा. काटा आता जितके ग्रॅम दाखवील, तितके घनसेंटिमीटर त्या वस्तूचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. समजा, मगाचा तुकडा ३६५ ग्रॅमचा आहे आणि पाण्यात धरल्यावर काटा ५० दाखवतो, तर घनता ७.३ आली; हे शिसेविरहित प्यूटरचे लक्षण. तितक्याच आकारमानाचा दुसरा तुकडा ३९२ ग्रॅमचा निघाला, तर घनता ७.८ च्या वर गेली आणि त्यात शेकडा वीसच्या आसपास शिसे आहे असे समजावे, कारण शिशाची स्वतःची घनता ११.३ आहे. दहा टक्के शिसे असेल तर आकडा ७.५ ते ७.६ च्या दरम्यान येतो. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून टाकावेत, नाहीतर आकारमान अधिक भरते आणि शिसे असलेला माल निर्दोष ठरतो. एक-दोन टक्के शिसे मात्र या चाचणीत सापडत नाही. ७.१ किंवा त्याहून कमी आकडा आला, तर जस्ताच्या मिश्रणाचा संशय घ्यावा.

दुसरी चाचणी रंगाची. शिशाच्या स्पर्शाने गुलाबी-लाल होणाऱ्या कांड्या हार्डवेअरच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. वस्तूचा कोपरा कानशीने घासून ताजा धातू उघडा पाडावा आणि त्यावर कांडी फिरवावी. रंग आला तर निकाल लागला; रंग न आल्यास मात्र तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. पांढऱ्या कागदावर धातू घासल्यास पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटणे हीसुद्धा शिशाची जुनी खूण आहे, परंतु ती केवळ भरपूर शिसे असलेल्या मालाला लागू पडते. निर्विवाद उत्तर हवे असेल तर पुष्कळशा भंगार व्यापाऱ्यांकडे क्ष-किरणांनी धातूचे घटक दाखवणारे हातात धरायचे यंत्र असते. गोडीने विचारल्यास चार तुकडे तपासून देतात.

एक जागा मात्र या सर्व चाचण्यांतून निसटते. जुन्या भांड्याचा धातू शिसेविरहित असला, तरी कान जेथे जोडला आहे तेथील डाख शिशाचा असू शकतो. म्हणून करंड्यांसाठी राखायच्या मालातून सांध्याभोवतीचा भाग बोटभर रुंदीने कापून वेगळा काढावा.

आता तुमच्या करड्या पेजेविषयी. तुम्ही मळी समजून जे फेकले, त्यात बराच चांगला धातू होता; तोही महत्त्वाचा. ब्रिटानिया धातू पाण्यासारखा एका तापमानाला एकदम वितळत नाही. सुमारे २४० अंश सेल्सियसला तो मऊ पडून पाझरू लागतो, परंतु तांबे आणि अँटिमनी यांनी कथलाशी मिळून बनवलेले स्फटिक त्या वेळी घनच असतात आणि संपूर्ण द्रव होण्यास २९५ अंशांच्या आसपास जावे लागते. या मधल्या टप्प्यात धातू रवाळ, दाट दिसतो आणि पळीला लागतो. त्यावेळी वरचा थर काढून टाकला, की मिश्रणातले अँटिमनी आणि तांबे, म्हणजे ज्यांच्यामुळे प्यूटरला कठीणपणा येतो नेमके तेच, आपण बाहेर टाकतो आणि मागे मऊ कथील उरते. तुमच्या लगडी नखाने ओरखडल्या जात असतील तर कारण हेच. तो काढलेला थर अजून जवळ असेल आणि तो शिसेविरहित वस्तूंचाच असल्याची खात्री असेल, तर पुढच्या वेळी त्याच मालाबरोबर पुन्हा वितळवा; त्यातला बहुतेक परत मिळेल.

यासाठी तापमान मोजणे भाग आहे. धातूत बुडवायची थर्मोकपलची कांडी घ्यावी. दुरून लाल ठिपका टाकून मोजणारा थर्मामीटर आरशासारख्या चकाकणाऱ्या द्रव धातूवर चुकीचा, बहुधा फार कमी आकडा दाखवतो आणि त्यावर विसंबून माणूस आच वाढवत बसतो. ३१० ते ३४० अंशांच्या दरम्यान धातू ओतावा आणि ३५० ही स्वतःसाठी लक्ष्मणरेषा मानावी. त्यापुढे कथील झपाट्याने जळून खरोखरीची मळी वाढते, आणि मालात शिसे दडलेले असेल तर त्याचाही उपद्रव वाढतो. कांडी हाताशी नसताना जुने कारागीर पाइनच्या लाकडाची सुकी काडी धातूत बुडवून पाहत: ती तपकिरी व्हावी, पेटू नये.

तीनशे अंशांवर धातू ढवळल्यानंतरही वर जी पातळ साय राहते ती ऑक्साइडची, पण तिच्यातसुद्धा धातूचे असंख्य थेंब अडकलेले असतात. वाटाण्याएवढे मधमाश्यांचे मेण टाकावे आणि लांब दांड्याच्या स्टीलच्या पळीने तळापासून ढवळावे. मेण धुरावते, कधी भपकन पेटतेही, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा. मेणाच्या योगाने ऑक्साइडचा काही भाग पुन्हा धातू होतो, अडकलेले थेंब खाली उतरतात आणि वर कोरडी, राखेसारखी भुकटी उरते. पृष्ठभाग आरशासारखा उघडा पडला म्हणजे समजावे की आता काढायची ती मळी हीच. मेणाऐवजी राळही चालते. कल्हईवाल्याचा नवसागर मात्र येथे वापरू नये: तांब्या-पितळेचा पृष्ठभाग साफ करून त्यावर कथील धरवण्यासाठी तो आहे, येथे तशी गरज नाही, आणि त्याचा धूर घसा व डोळे जाळतो.

कल्हईचा विषय निघालाच आहे, तर पातेल्याचे उत्तर त्यातच आहे. वितळलेले कथील तांब्या-पितळेला धरते, म्हणूनच कल्हई होते. आणि म्हणूनच तांब्या-पितळेच्या भांड्यात प्यूटर वितळवू नये, भांड्याचे तांबे त्यात उतरत जाते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा डबाही वर्ज्य, कारण जस्त त्यात विरघळते. ॲल्युमिनियमचे पातेले विसरून आच वाढल्यास बुडातून खचते. जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे लहान पातेले किंवा बिडाची लहान कढई उत्तम; आणि ती पुन्हा कधीही स्वयंपाकघरात जाता कामा नये. पातेले लहान असावे यावर माझा भर आहे. एक लिटर प्यूटरचे वजन सात किलोंहून अधिक भरते. घरच्या पातेल्याचा कान किंवा दांडा तेवढ्या वजनासाठी बनवलेला नसतो. एका वेळी दोन किलोंच्या वर वितळवू नये आणि पातेले उचलून ओतण्याऐवजी तापवलेल्या पळीने ओतावे.

मफिनच्या ट्रेने तुम्हाला दोनदा फसवले. अशा ट्रेवर कधी कथलाचा मुलामा असतो, त्याला तुमचे प्यूटर जाऊन भिडले आणि एकजीव झाले. चिकटण्याचे कारण ते. कधी न चिकटणारे काळे लेपन असते, ते अडीचशे अंशांच्या पुढे बिघडू लागते आणि त्याचा धूर माणसाला अपायकारक असतो, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना तर मारक. बेकिंगसाठी मिळणारे सिलिकॉनचे साचेही तीनशे अंश सोसत नाहीत. बिडाचा, लेपन नसलेला ट्रे मिळाला तर घ्यावा. त्याहून स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे लोखंडी अँगलचा वीतभर तुकडा घेऊन त्याची दोन्ही तोंडे पत्र्याने वेल्ड करून बंद करून घेणे आणि तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा टेकवून ठेवणे. त्यातून निघणारी त्रिकोणी लगड रचायला सोपी आणि पुढे करवतीने कापायलाही सोपी जाते. अँगल गॅल्व्हनाइझ केलेला, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, नाही एवढे पाहावे. ओतण्यापूर्वी साचा मेणबत्तीच्या काजळीने आतून काळा करावा आणि शंभर ते दीडशे अंशांपर्यंत तापवावा. सुरकुत्या पडतात त्या थंड साच्यामुळे: धातूची पहिली लाट गोठते आणि दुसरी तिच्यावरून घसरत जाते. उलट पृष्ठभागावर दवासारखे रवे दिसले तर साचा किंवा धातू फार तापला आहे. वरच्या बाजूला मध्यभागी थोडा खळगा पडणे स्वाभाविक आहे, कारण हा धातू गोठताना दोन ते तीन टक्के आकसतो. लगडीच्या बाबतीत त्याची चिंता करू नये.

शेगडी आणि साचा दोन्ही सुक्या वाळूच्या ट्रेवर ठेवावेत, नुसत्या काँक्रीटवर नव्हे. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात बंद चामडी बूट, हातात कोरडे चामडी मोजे आणि संपूर्ण चेहरा झाकणारा पारदर्शक पडदा हवा. केवळ चष्मा पुरेसा नाही. सांडलेल्या किंवा पेटलेल्या धातूवर कधीही पाणी ओतू नये.

जस्ताविषयी एक सूचना स्वतंत्रपणे करतो, कारण येथे पुष्कळ जण चुकीचा तर्क लढवतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, मी ३५० च्या वर जात नाही, तेव्हा चुकून आलेला जस्ताचा तुकडा न वितळता तसाच राहील आणि मी तो उचलून टाकीन, असा तो तर्क. वितळलेल्या कथलात जस्त त्याच्या वितळणबिंदूच्या कितीतरी खाली विरघळते, साखर चहात विरघळावी तसे, आणि थोड्याशा जस्तानेही प्यूटर चिखलासारखे दाट होऊन साच्यात नीट वाहत नाही. म्हणून संशयास्पद वस्तूचा छोटा तुकडा वेगळ्या पळीत एकटाच तापवून पाहावा आणि तो २९५ अंशांपर्यंत स्वच्छ वितळला, तरच त्याच्या भावंडांना मुख्य पातेल्यात जागा द्यावी.

यजमानांची भीती खरी आहे, एवढेच की तिची जागा थोडी वेगळी आहे. या तापमानाला शिशाची वाफ फारच कमी होते. धोका आहे तो मळीच्या भुकटीचा. ती हातांवर, कपड्यांवर, बुटांच्या तळव्यांवर बसून घरात येते आणि जमिनीवर खेळणाऱ्या मुलाच्या हातावाटे तोंडात जाते. मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मात्रा मानली जात नाही. म्हणून घनतेत किंवा रंगात शिसे दिसलेली वस्तू तुम्ही वितळवूच नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ती आहे तशी वेगळ्या खोक्यात ठेवा आणि विका. शिसेविरहित मालावर काम करतानाही चाचणीतून काही निसटले असेल असे धरूनच वागावे: बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क, कामाचे वेगळे कपडे व बूट, काम चालू असताना खाणे-पिणे नाही, जमीन झाडायची नाही तर ओल्या फडक्याने पुसायची, आणि मुलगी त्या वेळी घरात दुसऱ्या माणसाजवळ. तुमच्या पहिल्या प्रयत्नात जुनी, शिक्का नसलेली भांडी असतील आणि मुलगी आसपास वावरली असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे. रक्तातील शिसे तपासणे ही साधी चाचणी आहे.

करंड्यांसाठी हाच नियम आणखी कडक लावावा लागेल. कुंकू बोटाने उचलले जाते, ओल्या हळदीचा हात लागतो, आणि वाण दुसऱ्याच्या घरी जाते, तेथे कोणाचे मूल ते तोंडात घालील हे आपल्या हाती नाही. ज्या वस्तूंवर शिसेविरहित असल्याचा विश्वासार्ह शिक्का आहे किंवा ज्या क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासल्या आहेत, केवळ त्यांच्याच लगडी करंड्यांसाठी राखाव्यात. पहिल्या प्रयत्नातल्या लगडी त्या कामाला मुळीच घेऊ नयेत, कारण त्यांत काय मिसळले आहे हे आता केवळ यंत्रच सांगू शकेल. धातू निर्वेध असेल तर कथलाविषयी मनात शंका नको. आपल्या आज्यांच्या पितळी पातेल्यांना आतून तेच लावलेले असे.

लगडी विकण्याचाही विचार मनात असेल तर वितळवण्याची मुळीच गरज नाही. व्यापाऱ्याला शिक्का असलेला मग ओळखता येतो. घरी ओतलेली लगड त्याच्या दृष्टीने अनोळखी धातू असते आणि तो तिचा भाव पाडूनच धरतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या कायद्यानुसार भंगाराचे पैसे रोख देता येत नाहीत आणि विकणाऱ्याची ओळख पटवावी लागते, तेव्हा ओळखपत्र बरोबर न्यावे.

स्वतःसाठी ठेवायच्या प्रत्येक लगडीवर, ती गार होताच, अक्षरांच्या पंचांनी महिना, वर्ष आणि मूळ वस्तूची एखादी खूण ठोकावी आणि वहीत तिच्यासमोर घनता लिहावी. जुन्या कारागिरांच्या शिक्क्यांची नक्कल मात्र करू नये. मळीची भुकटी झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात, मुलीच्या हाताला येणार नाही अशा ठिकाणी साठवावी. बागेतल्या मातीत किंवा घरच्या कचऱ्यात ती टाकू नये. कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रावर घातक कचरा कोठे आणि कोणत्या दिवशी घेतात ते विचारून तेथे द्यावी.